बोंडअळीचा हिशेब आणि गावाची ठेव

कापसाच्या पट्ट्यात एखाद्या पारावर बसावे आणि गुलाबी बोंडअळीचा विषय काढावा, म्हणजे एक वाक्य हमखास ऐकू येते : "अळीला आता बीटीची सवय झाली." फवारणीच्या औषधांविषयीही हेच म्हटले जाते. वाक्य साधे आहे आणि त्यामागचा अनुभवही खोटा नाही. परंतु त्यातील 'सवय' हा शब्द मात्र चुकीचा आहे, आणि ही चूक केवळ शब्दाची नाही. रोगाचे निदान चुकले म्हणजे औषधही चुकते, त्याप्रमाणे ह्या एका शब्दामुळे आपल्या हातून उपाययोजनाही चुकत आली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते का, हे समजण्यासाठी आनुवंशिकतेच्या शास्त्रातील चार प्राथमिक गोष्टी ध्यानी घ्याव्या लागतील. त्या अवघड नाहीत. ज्याने बियाण्यासाठी कणसे निवडली आहेत किंवा वळूची पारख केली आहे, त्याला त्या निम्म्याअधिक आधीच ठाऊक आहेत.

सवय ही व्यक्तीला लागते. तंबाखू खाणाऱ्याला प्रथम भोवळ येते व पुढे येत नाही, ही सवय. बीटी कपाशीचे बोंड पोखरणाऱ्या अळीला अशी संधीच मिळत नाही. जी मरावयाची ती कोवळेपणीच मरते. जी जगते ती जन्मतःच वेगळी असते. तेव्हा बदल होतो तो एका अळीत नव्हे, तर अळ्यांच्या समूहात. कोणत्या प्रकारच्या अळ्या शंभरात किती, हे प्रमाण बदलते. ह्या प्रमाणाचा हिशेब ठेवणाऱ्या शास्त्रास समूह-आनुवंशिकी असे म्हणतात.

वेगळेपणा येतो कोठून ?

प्रत्येक पतंगाला, आपल्या गुराढोरांप्रमाणेच, प्रत्येक गुणाचे वाहक असलेले जनुक दोन ठिकाणांहून मिळतात : एक आईकडून, एक बापाकडून. हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या नकलून पुढे दिले जातात. जुन्या काळी पोथ्या हाताने उतरून घेत, तेव्हा एखादे अक्षर चुके, आणि पुढच्या सर्व नकलांत ती चूक तशीच उतरत राही. जनुकाच्या नकलेतही क्वचित असे घडते. त्यास उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक चुका निरुपयोगी वा घातक असतात. एखादी मात्र विशिष्ट परिस्थितीत कामी येते. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. विष समोर आले म्हणून ही चूक होत नाही. ती आंधळेपणाने, केव्हाही, कोठेही होते. विषाचे काम एवढेच, की ते ज्याच्याजवळ ती चूक आहे त्याला जगू देते व बाकीच्यांना मारते.

विविधतेचा दुसरा उगम म्हणजे जनुकांची नवी जुळणी. पत्ते पिसावेत त्याप्रमाणे प्रत्येक पिढीत आईबापांचे जनुक नव्याने वाटले जातात. म्हणून एकाच जोडीची पिल्ले एकसारखी नसतात. ह्यात नवा पत्ता तयार होत नाही, पण नवा डाव पडतो. तिसरा उगम म्हणजे बाहेरून येणारे जनुक. शेजारच्या शिवारातून उडत आलेला पतंग किंवा ट्रकमधून दुसऱ्या जिल्ह्यातील जिनिंग कारखान्यात पोचलेली किडकी सरकी आपल्याबरोबर तेथील जनुकही घेऊन येते.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत ही चूक कोठे झाली हे शास्त्रज्ञांनी शोधले आहे. बीटी कपाशीतील प्रथिन अळीच्या आतड्यातील एका विशिष्ट रेणूला जाऊन चिकटते, किल्ली कुलपात बसावी तसे, आणि मग आतड्याला इजा होऊन अळी मरते. ज्या अळीत ते कुलूप घडविणारा जनुकच बिघडलेला आहे, तिच्या आतड्यात किल्ली बसत नाही. भारतातील प्रतिकारक्षम अळ्यांत एकाच जनुकात निरनिराळ्या ठिकाणी झालेले असे बिघाड आढळले आहेत. म्हणजे ही चूक एकदाच झाली नाही. ती अनेकदा, स्वतंत्रपणे झाली आणि आपण दरवेळी तिला निवडून घेतले.

दुर्मिळ जनुक कोठे दडून बसतो

१९०८ साली इंग्लंडमधील गणिती हार्डी व जर्मनीतील वैद्य वाइनबर्ग ह्या दोघांनी, एकमेकांना ठाऊक नसताना, एक साधा नियम मांडला. समजा एका घड्यात ९०० पांढरे व १०० तांबडे दाणे चांगले मिसळून ठेवले आहेत, आणि डोळे झाकून दोन-दोन दाण्यांच्या जोड्या काढावयाच्या आहेत. तांबडा दाणा दहात एक. तेव्हा दोन्ही तांबडे असलेली जोडी शंभरात एक निघेल. दोन्ही पांढरे असलेल्या जोड्या ८१ आणि मिश्र जोड्या १८ निघतील. बाहेरून ढवळाढवळ झाली नाही, तर पिढीमागून पिढी हेच प्रमाण टिकते.

ह्यावरून निघणारा निष्कर्ष शेतकऱ्याच्या फार कामाचा आहे. बिघडलेला जनुक हजारात एक आहे असे धरा. तर दोन्हीकडून तोच मिळालेली अळी दहा लाखांत एक असेल. एकच बिघडलेला जनुक असणाऱ्या अळ्या मात्र हजारात दोन, म्हणजे दहा लाखांत जवळजवळ दोन हजार असतील. आईबापांपैकी एकाकडून जरी चांगला जनुक आला तरी पुरेशी कुलपे तयार होतात, म्हणून ह्या मिश्र अळ्या, प्रथिनाची मात्रा भरपूर असल्यास, बीटीवर मरतात. बिघाड असा झाकून राहतो म्हणून त्यास अप्रभावी म्हणतात. आपला सारा बचाव ह्या एका गोष्टीवर उभा होता : दहा लाखांतून वाचलेल्या त्या एका पतंगाचा जोडीदार साधा असला, तर त्यांची संतती मिश्र निघेल, आणि मिश्र संतती बीटीवर मरेल.

हा साधा जोडीदार यावा कोठून ? त्यासाठीच बीटीच्या भोवती बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावावयाच्या होत्या. शेतकरी त्या पुडीला 'रेफ्युजी' म्हणतात. मराठीत आश्रयाच्या ओळी म्हणू. नियम असा होता की, पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, ह्यांपैकी जे अधिक तेवढे बिगर-बीटी पीक भोवती असावे. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची पुडी दिली जाई. पुष्कळ ठिकाणी ती उघडलीच गेली नाही. काही ठिकाणी ती उघडली, पण त्यातील बी नीट उगवले नाही. कोणी तिच्याऐवजी तूर पेरून समाधान मानले. तूर हिरव्या बोंडअळीला चालते. गुलाबी बोंडअळीचा निर्वाह मात्र मुख्यत्वे कपाशीवर होतो, तिच्यासाठी तूर हा आश्रय नव्हे.

पंधरा पिढ्यांचा हिशेब

आश्रय आहे आणि नाही, ह्यांत फरक किती पडतो, हे कागदावर मांडून पाहू. हा हिशेब केवळ समजुतीसाठी आहे. प्रत्यक्ष शेतात पुष्कळ गोष्टी मिसळतात. आरंभी बिघडलेला जनुक हजारात एक आहे, दोन्हीकडून बिघडलेली अळीच बीटीवर जगते, आणि दोन्ही प्रकारच्या कपाशीवरील पतंग एकमेकांत चांगले मिसळतात, असे धरले आहे.

पहिल्या गावात २० टक्के क्षेत्रावर आश्रयाची कपाशी आहे. तेथे पंधरा पिढ्यांनंतर बिघडलेला जनुक दहा लाखांत १,००० होता तो सुमारे १,०६४ होतो. म्हणजे हजारात जवळजवळ एकच राहतो.

दुसऱ्या गावात आश्रय केवळ १ टक्का आहे. तेथे पाचव्या पिढीत प्रमाण दहा लाखांत सुमारे १,८०० होते, आणि दहाव्या पिढीत सुमारे ५,९००. अजून ते हजारात सहाच असल्यामुळे कोणाच्याही डोळ्यांना काही दिसत नाही. तेराव्या पिढीत ते शंभरात जवळजवळ ५ होते, चौदाव्यात शंभरात २२, आणि पंधराव्यात शंभरात ८६ !

गुलाबी बोंडअळीच्या एका हंगामात चार ते सहा पिढ्या होतात. तेव्हा पंधरा पिढ्या म्हणजे सुमारे तीन वर्षे. ह्या तीनपैकी पहिली दोन वर्षे दुसऱ्या गावातील शेतकरी पहिल्या गावाला हसत असेल, आणि त्याचे हसणे डोळ्यांपुरते खरेही असेल, कारण त्याने २० टक्के जागा 'वाया' घातलेली नाही. तिसऱ्या वर्षी मात्र एका हंगामात होत्याचे नव्हते होते. संकट अचानक आले असे त्याला वाटेल. वास्तविक ते पहिल्या दिवसापासून चक्रवाढ व्याजाने वाढत होते.

आपल्याकडे काय झाले

भारतात बीटी कपाशीस २००२ साली परवानगी मिळाली. तीत एकच प्रथिन होते. २००६ साली दोन प्रथिनांचे वाण आले. दोन कुलपांचा हा विचार तत्त्वतः उत्तम होता. एका प्रथिनाला पुरून उरणारी अळी दहा लाखांत एक व दुसऱ्यालाही दहा लाखांत एक, तर दोन्हींना पुरून उरणारी एक लाख कोटींत एक. परंतु हा गुणाकार दोन्ही कुलपे शाबूत असतील तरच खरा ठरतो. २००८ साली गुजरातमधील अमरेली येथून गोळा केलेल्या अळ्यांत पहिल्या प्रथिनास प्रतिकार आढळला. जुने व नवे वाण शेजारी-शेजारी उभे होते. जुन्यावर पहिले कुलूप मोडण्याची निवड चालूच राहिली आणि नव्यावर दुसरे प्रथिन जवळजवळ एकटे पडले. २०१४-१५ च्या सुमारास दुहेरी वाणावरही अळी टिकू लागल्याचे गुजरातेत दिसले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात मोठ्या क्षेत्रावरील बोंडे पोखरली गेली. कवडी कापूस वेचण्याची मजुरीही निघू नये असा तो हंगाम होता.

आणखी एक कारण आपल्या बियाण्यातच होते. आपल्याकडील बहुसंख्य वाण संकरित आहेत व त्यांत बीटीचा जनुक आईबापांपैकी एकाच्याच बाजूने आलेला असतो. अशा झाडाच्या बोंडातील सरकी सारखी नसते. मेंडेलच्या नियमाप्रमाणे एका जनुकाच्या वाणात चार सरक्यांपैकी एक बिनबीटी निघते. दुहेरी वाणात सोळांपैकी एकीत दोन्ही प्रथिने नसतात आणि सहांमध्ये एकच असते. गुलाबी अळी तर सरकीच खाते. म्हणजे ज्या भरपूर मात्रेवर मिश्र अळ्यांचे मरण अवलंबून होते, ती मात्रा तिच्या ताटात नेहमी पडत नव्हती. एरवी मेल्या असत्या अशा काही मिश्र अळ्या त्यामुळे वाचल्या व बिघडलेला जनुक आणखी वेगाने पसरला. हा दोष शेतकऱ्याचा नव्हे. वाणांची आखणी करणाऱ्यांनी व त्यांना मान्यता देणाऱ्यांनी तो आपल्या खाती मांडावा, हेच न्यायाचे.

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातही हीच अळी होती व १९९६ पासून बीटी कपाशी होती. तेथे आश्रयाच्या क्षेत्राचा नियम कसोशीने पाळला गेला, आणि दहा वर्षे प्रतिकार वाढला नाही. पुढे २००६ पासून आश्रयाऐवजी वंध्य केलेले पतंग मोठ्या संख्येने सोडण्यात आले, जेणेकरून वाचलेल्या पतंगाला वांझ जोडीदारच मिळावा. २०१८ साली अमेरिकेच्या कापूस-क्षेत्रातून ह्या अळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. तेथील शेते मोठी, शेतकरी थोडे आणि संघटना बळकट. आपली परिस्थिती तशी नाही हे खरे. पण अळी तीच होती, प्रथिनही तेच होते. फरक पडला तो समूहाचा हिशेब समूहाने ठेवल्यामुळे.

आमचे म्हणणे

प्रतिकार जर समूहात वाढतो, तर त्यावरील उपायही समूहानेच करावयास हवा. बीटीवर मरणारी अळी हा गावाचा शत्रू आहे, ह्यात शंका नाही. तथापि तिच्यातील 'मरण्याचा गुण' ही गावाची ठेव आहे. गायरानात प्रत्येकाने आपले एकेक जनावर वाढवले तर प्रत्येकाचा थोडा फायदा होतो व गायरान मात्र उजाड होते. आश्रयाच्या ओळी न लावणारा प्रत्येक जण तेच करीत होता. पतंग बांध ओळखत नाहीत. शेजाऱ्याच्या आश्रयातून येणारा साधा पतंग माझ्या कपाशीचे रक्षण करतो, आणि माझ्या शेतात तगलेला प्रतिकारक्षम पतंग शेजाऱ्याच्या पिकाचे नुकसान करतो. "माझ्या एकट्याच्या पाच ओळींनी काय होणार ?" हा प्रश्न म्हणूनच रास्त आहे. त्याचे उत्तर एकट्याने देता येण्यासारखे नाही. ते ग्रामसभेने द्यावयाचे आहे.

आता कोणी म्हणेल, घोडे निघून गेल्यावर पागेचे दार लावून काय उपयोग ? गुलाबी अळीपुरती ही शंका पुष्कळशी खरी आहे. जेथे बिघडलेले जनुकच बहुसंख्य झाले, तेथे केवळ आश्रयाच्या ओळींनी ती पुन्हा बीटीला बळी पडू लागेल असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु हिरवी बोंडअळी बहुतांशी अद्याप दुहेरी बीटीच्या धाकात आहे, आणि ती ठेव राखावयाची आहे. बिगर-बीटी बी आता त्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली आहे. पुडी फेकून देण्याचा प्रश्न त्यामुळे मिटतो, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. अशा मिसळीतील बिनबीटी झाड ओळखू आल्यास ते उपटू नये. ते तेथे कामावर आहे.

गुलाबी अळीसाठी जे उपाय जनुकांवर अवलंबून नाहीत, ते सर्व गावाने एकाच वेळी केले पाहिजेत. हंगामपूर्व लागवड करू नये, म्हणजे सुप्तावस्थेतून निघालेल्या पतंगांना लवकर फुले मिळत नाहीत. कामगंध सापळे पाते लागण्याच्या सुमारास लावावेत आणि डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट कराव्यात. डिसेंबरअखेर वेचणी उरकून पऱ्हाट्या काढाव्यात, फरदड ठेवू नये. अळी दोन सरक्या एकमेकींना जोडून त्यांत दडून उन्हाळा काढते, म्हणून घरात साठवलेला किडका कापूस व जिनिंगच्या आवारातील सरकी ह्यांकडेही लक्ष हवे. गावातील एका शेतातील फरदड ही शंभर शेतांतील अळीची धर्मशाळा होते.

येथे शास्त्राची आणखी एक सूचना ध्यानी ठेवावी. समूह फार लहान झाला म्हणजे त्यात दैवाचा खेळ वाढतो. उन्हाळ्यानंतर एखाद्या शिवारात दहाच पतंग उरले, तर त्यांच्याजवळ मिळून एका जनुकाच्या वीसच प्रती असतात. हजारात एक असलेला बिघाड त्यांत बहुधा नसेल. पण योगायोगाने एकातही असला, तर त्याचे प्रमाण एकदम शंभरात पाच होते. ह्यास जनुकीय विचलन म्हणतात. तेव्हा "यंदा अळी थोडी आहे" ह्यावरून ती निर्धोक आहे असे समजू नये. थोडी अळी म्हणजे ती साफ निपटण्याची संधी होय. दुर्लक्ष करण्याची ती सवलत नव्हे.

शेवटी फवाऱ्याविषयी एक शब्द. एकच कीटकनाशक पुन:पुन्हा व भारी मात्रेत मारणे म्हणजे बीटीचीच गोष्ट पुन्हा नव्याने घडविणे होय. १९१४ साली अमेरिकेत मेलँडर ह्या शास्त्रज्ञाने चुना-गंधकाच्या द्रावणाला दाद न देणाऱ्या खवले-किडीविषयी लिहिले होते. म्हणजे हा धडा शंभर वर्षांहून जुना आहे. उद्या नवा वाण येईल, नवे प्रथिन येईल, नवे औषध येईल. त्या प्रत्येकाच्या पहिल्याच दिवशी दहा लाखांतील ती एक अळी कोठल्या तरी शिवारात आधीच जन्मलेली असेल. समूह-आनुवंशिकीचे आद्य शास्त्रज्ञ हॉल्डेन हे १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झाले व १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले. निवडीमुळे जनुकाचे प्रमाण पिढीगणिक कसे बदलते, ह्याचे गणित मांडणाऱ्यांत ते अग्रेसर होते. ते गणित आपल्या विद्यापीठांत शिकविले जाते. ते पारावर मात्र अजून पोचलेले नाही.

ते पोचविणे हे विस्तार कार्यकर्त्यांचे काम आहे, आणि आश्रयाचे बी चांगले उगवणारे असेल हे पाहणे शासनाचे. उरलेले काम गावाचे. येत्या खरिपापूर्वी प्रत्येक कापूस-गावाने एक बैठक घ्यावी. लागवडीची तारीख, सापळ्यांची संख्या आणि पऱ्हाट्या काढण्याचा शेवटचा दिवस, ह्या तीन गोष्टी सर्वानुमते ठरवून चावडीवर लावाव्यात. आणि त्या बैठकीत कोणी "अळीला सवय झाली" असे म्हणाल्यास त्याला नम्रपणे सांगावे, की सवय अळीला झालेली नाही. आपण तिची निवड केली, आणि ती सर्वांनी मिळून केली. म्हणून ती थांबवावयाची तीही सर्वांनी मिळूनच.